पैसा वॉशिंग्टनला, पेशंट सॅन होजेला

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत हजार डॉलरचा फ्रिज घेतला, की त्यावर सव्वासहा डॉलर असे जातात जे पूर्वी जात नव्हते. २०२५च्या ४ नोव्हेंबरला सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी ‘मेझर ए’ला होकार दिला, त्याचे हे पैसे. डॉलरमागे पाच-अष्टमांश सेंट वाढीव सेल्स टॅक्स, पाच वर्षांसाठी. काउंटी म्हणजे आपल्या हिशेबात साधारण जिल्हा परिषद. फरक एवढाच, की इथली जिल्हा परिषद इस्पितळं विकत घेते. व्हॅली मेडिकल सेंटर तिचं आधीपासूनचं. ओ’कॉनर आणि गिलरॉयचं सेंट लुईस ही दोन दिवाळं निघालेल्या मालकाकडून तिनं २०१९मध्ये घेतली, आणि २०२५मध्ये पूर्व सॅन होजेतलं रीजनल मेडिकल सेंटरही. त्याच वर्षी ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानं मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याला, कात्री लावली. काउंटीच्या अंदाजानं तिचं त्यातून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर नुकसान होणार, आणि या टॅक्समधून येणार सुमारे ३३ कोटी. म्हणजे फाटलंय आभाळ आणि हातात रुमाल.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यांत आपल्या मराठी घरांतून जे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं, ते असं: “म्हणजे आता इल्लिगल लोकांच्या औषधपाण्याचे पैसेही आपणच भरायचे?”

हा टॅक्स फक्त त्यासाठी नाही. काउंटीची इस्पितळं नागरिकांचीही बाळंतपणं करतात, अपघातात सापडलेल्या इंजिनिअरचीही हाडं जोडतात. पण तेवढं सांगून सुटका करून घेणं बरं नाही, कारण प्रश्न खराच आहे. या इस्पितळांत आणि दवाखान्यांत कागदपत्रं नसलेल्यांवर उपचार होतात आणि त्यातला काही खर्च स्थानिक तिजोरीतून जातो. तेव्हा सरळ उत्तर देते: हो, भरायचे. आणि ते भरताना ज्याच्यावर चिडायचं, तो माणूस इस्पितळाच्या बाकावर बसलेला नाही.

आधी कायदा बघू, कारण निम्मा वाद तो माहीत नसल्यामुळे होतो. १९८६मध्ये, रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष असताना, असा कायदा झाला की मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या कुठल्याही इस्पितळाच्या इमर्जन्सीत माणूस आला तर त्याला तपासायचं, जीव धोक्यात असेल तर सावरायचं. पैसे आहेत का हे नंतर. दहा वर्षांनी, १९९६मध्ये, बिल क्लिंटन यांच्या सहीनं दुसरा कायदा आला: कागदपत्रं नसलेल्यांना केंद्राचा मेडिकेड नाही, फक्त इमर्जन्सीपुरता खर्च. हे दोन कायदे एकत्र वाचा. केंद्र सरकार म्हणतं, मरायला टेकलेल्याला परत पाठवू नका. पण तो मरायला टेकू नये म्हणून जे करायचं त्याला आम्ही पैसे देणार नाही.

मधली सगळी जागा उरते राज्याच्या आणि काउंटीच्या गळ्यात. कॅलिफोर्नियात एक जुना कायदा आहे, कल्याण संहितेचं कलम १७०००. ज्याला कोणी वाली नाही अशा गरीब, आजारी रहिवाशाला काउंटीनं सांभाळायचं, असं ते म्हणतं. त्यात एक शब्दप्रयोग आहे: ‘कायदेशीररीत्या राहणारे’. काही काउंट्या त्यावर बोट ठेवून कागदपत्रं नसलेल्यांना वगळतात, काही वगळत नाहीत. २००९च्या मंदीत सॅक्रामेंटो आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांनी आपल्या दवाखान्यांची दारं या लोकांना बंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा उघडली. मधल्या काळात ती माणसं कुठं गेली? कुठंच नाही. तिथंच राहिली, तिथंच काम करत होती.

डायलिसिसचं उदाहरण घेते, कारण त्याच्याइतकं उघडं दुसरं काही नाही. दोन्ही किडन्या गेलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा मशीनवर बसावं लागतं. ज्या ठिकाणी कागदपत्रं नसलेल्यांना फक्त ‘इमर्जन्सी’ उपचार मिळतात, तिथं हा माणूस इमर्जन्सी होईपर्यंत थांबतो. छातीत पाणी भरून श्वास लागला पाहिजे, किंवा रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं पाहिजे की हृदयाचे ठोके बिघडायला लागतील. मग इमर्जन्सी रूम, मग डायलिसिस, एक-दोन दिवसांत घरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मशीन तेच, नर्स तीच. मधे फक्त मरणाच्या दारापर्यंत जाऊन येण्याची अट.

लिलिया सर्व्हान्तेस या डॉक्टर संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशा रुग्णांची तुलना करून २०१८मध्ये अभ्यास छापला. सॅन फ्रान्सिस्कोत नियमित डायलिसिस मिळत होतं, इतरत्र बहुतेकांना इमर्जन्सीचं. पाच वर्षांत इमर्जन्सीवाल्यांमधला मृत्यूचा धोका जवळपास १४ पट, आणि इस्पितळातले त्यांचे दिवस जवळपास दसपट. म्हणजे पैसेही जास्त आणि माणसंही जास्त गेली. कोलोरॅडो राज्यानं २०१९मध्ये आपल्या ‘इमर्जन्सी’च्या व्याख्येत नियमित डायलिसिस बसवलं. नवा कायदा नाही, मोठी घोषणा नाही. व्याख्येतला एक बदल.

इथंच मला आमच्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचंय. त्यांचं आवडतं वाक्य असतं, “आधी उपचार केले की पुढचा खर्च वाचतो.” डायलिसिसला ते खरं आहे, गरोदरपणातल्या तपासण्या आणि टीबीच्या गोळ्यांबाबतही समजू शकतं. पण सरसकट नाही. ओरेगनमध्ये २००८ साली मेडिकेडच्या जागा कमी आणि अर्जदार जास्त, म्हणून सरकारनं चक्क सोडत काढली. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. ज्यांना विमा लागला, त्यांच्या इमर्जन्सीच्या फेऱ्या कमी होतील अशी सगळ्यांची अपेक्षा. त्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. दार उघडलं की माणसं आत येतात. ज्या दुखण्याकडं वर्षानुवर्षं काणाडोळा केला, ते दाखवायला येतात. तेव्हा स्थानिक सरकारनं हा खर्च करावा तो ‘स्वस्त पडतं’ म्हणून नव्हे. तसं सांगून मतं मागितली की पहिल्याच तुटीच्या वर्षी योजना कोलमडते, आणि कॅलिफोर्नियात ते घडलेलं आहे. त्याकडं येतेच.

माझं कारण वेगळं आहे, आणि तेही हिशेबाचंच आहे.

कागदपत्रं नसलेला माणूस टॅक्स भरत नाही, हा आपल्यातला पक्का समज. करविषयक अभ्यास करणाऱ्या वॉशिंग्टनच्या ‘आयटेप’ या संस्थेनं २०२२ सालाचा अंदाज काढला: देशभरात या लोकांनी मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. भाड्यातून घरपट्टी जाते, दुकानात सेल्स टॅक्स जातो, पगारातून सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, वर्गणी कापली जाते. निव्वळ सोशल सिक्युरिटीचेच सुमारे २५.७ अब्ज. म्हातारपणी त्यातला एक सेंटही त्यांना मिळणार नाही. एकूण कराचा मोठा भाग, साठ टक्क्यांहून जास्त, केंद्राकडं जातो. पगार कापून घेताना वॉशिंग्टन व्हिसा विचारत नाही. आजारी पडल्यावर विचारतं. आणि ‘नाही’ म्हटल्यावर तो माणूस येतो काउंटीच्या दारात.

गंमत बघा. त्याच अंदाजानुसार कॅलिफोर्नियात या लोकांनी भरलेला राज्याचा आणि स्थानिक कर ८.५ अब्ज डॉलर, आणि २०२५मध्ये त्यांच्या मेडी-कॅलवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मेडिकेडवर, राज्याचा वर्षाचा खर्च सांगितला गेला तोही साडेआठ अब्जांच्या घरात. आकडे जुळले म्हणून मी नाचणार नाही. त्याच करातून त्यांच्या मुलांच्या शाळाही चालतात आणि रस्तेही. पण ‘फुकट खातात’ हा शब्द मात्र मागं घ्यावा लागेल.

तर काउंटीला माझा पाठिंबा आहे तो यासाठी: सीमा कोण ओलांडणार हे तिच्या हातात नाही, कोणाला हाकलायचं हेही नाही. तिच्या हातात एवढंच आहे, की आपल्या हद्दीत राहणारा, आपल्याकडं सेल्स टॅक्स भरणारा माणूस आजारी पडला तर काय करायचं. गिलरॉयच्या आसपास शेतात राबणारी बाई तिथंच आजारी पडते. आपल्या आवडत्या डोशाच्या हॉटेलात मागं भांडी घासणारा माणूस सनीवेलमध्येच आजारी पडतो. या लोकांचं काम आपल्याला सोयीचं आहे तोपर्यंत ते ‘इथले’, आणि खोकला आला की ‘बाहेरचे’, असा हिशेब मला जमत नाही.

आता रांगेचा मुद्दा. तो मी हलकेपणानं उडवणार नाही, कारण त्यात खरी जखम आहे. भारतात जन्मलेल्या माणसाला ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं, कित्येकदा दशकानुदशकं थांबावं लागतं. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. ज्यानं हे सोसलंय, त्याला कुंपणावरून आलेल्याची दया येत नाही. उलट राग येतो. कळतं मला. पण व्हिसाची रांग आणि डॉक्टरची रांग या दोन रांगा आहेत. पहिली मोडल्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, ती परत पाठवण्याची. किडनी बंद पडू देणं ही त्या गुन्ह्याची शिक्षा कुठल्याही पुस्तकात नाही.

आणि एक गोष्ट आपण आपसांत बोलत नाही. १९९६च्या त्याच कायद्यानं ग्रीन कार्ड घेऊन रीतसर आलेल्यांनाही बहुतेक करून पाच वर्षं केंद्राच्या मेडिकेडपासून लांब ठेवलं. आपण सिटिझन झालो, आई-बाबांना ग्रीन कार्डावर बोलावलं, आणि बे एरियात त्यांना मेडी-कॅल मिळालं, अशी कितीतरी घरं आहेत. त्या पहिल्या पाच वर्षांत आईच्या डायबेटिसच्या गोळ्यांना केंद्र पैसे देत नाही. ते येतात कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या तिजोरीतून. ज्या खिशातून त्या भांडी घासणाऱ्या माणसाचे येतात, त्याच खिशातून. आईंचं सगळं कायदेशीर आहे, मान्य. पण ‘केंद्रानं नाकारलेल्यांना आपण का पोसायचं’ हे वाक्य उच्चारण्याआधी आपल्याच घरात कोण कोण त्यात बसतं, हे एकदा मोजून घ्यावं.

“सोय केली की लोंढे येतील,” हा पुढचा आक्षेप. देशाच्या पातळीवर तो टिकत नाही. टेक्सासनं या लोकांसाठी मेडी-कॅलसारखं काही केलेलं नाही, तरी कागदपत्रं नसलेल्यांच्या संख्येत ते राज्य कॅलिफोर्नियाच्या खालोखाल आहे. माणसं कामाच्या मागं येतात. रक्तदाब तपासायला कोणी वाळवंट तुडवत नाही. पण शेजारच्या काउंटीतून रुग्ण सरकून येणं, हे मात्र होऊ शकतं. त्यासाठी पत्त्याची अट घातली तर माझी हरकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोनं २००७पासून ‘हेल्दी सॅन फ्रान्सिस्को’ चालवलं ते त्याच अटीवर: शहरात राहत असल्याचा पुरावा आणा, व्हिसा विचारणार नाही. हा विमा नव्हे; शहराबाहेर त्याचा उपयोग शून्य. ठरलेला दवाखाना, ठरलेले डॉक्टर. खर्चाचा एक वाटा मालकांवर टाकला, म्हणून हॉटेलवाले कोर्टात गेले, हरले, आणि अनेकांनी बिलाच्या खाली एक वेगळी ओळ छापून तो गिऱ्हाइकाकडून घेतला. न्यूयॉर्कनं २०१९मध्ये ‘एनवायसी केअर’ सुरू केलं, आधी ब्राँक्समध्ये, मग सगळ्या शहरात. तिथंही तोच नमुना.

पत्त्याच्या अटीची बोच काय असते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. २०१८च्या जानेवारीपासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या माणसाला पिढ्यान्पिढ्या मोठं दुखणं म्हणजे बांबोळी. मुंबई लांब, कोल्हापूर घाटापलीकडं. एका सकाळी तो ‘परराज्यातला’ झाला. आंदोलनं झाली, दोडामार्ग पेटलं. मला तेव्हा राग आला होता, आणि आज विचार करताना गोव्याचीही बाजू दिसते: छोटं राज्य, खाटा मोजक्या, आणि शेजारचं श्रीमंत राज्य आपल्या टोकाच्या जिल्ह्याला धड इस्पितळ न देता निवांत. चूक बांबोळीच्या डॉक्टरची नव्हती, दोडामार्गच्या रुग्णाची तर नव्हतीच. ती होती मुंबईत बसलेल्या सरकारची, ज्याला आपल्या माणसाचा खर्च दुसरा उचलतोय याची सवय झाली होती. त्यावरचा इलाज म्हणून मागणी झाली ती महाराष्ट्रानं आपल्या योजनेतून बांबोळीला पैसे द्यावेत, अशी. ‘सिंधुदुर्गातल्यांना दारातून परत पाठवा’ हा इलाज आपण मान्य केला नव्हता. सांता क्लारातलं भांडण मला याच नकाशावर दिसतं. इथं मुंबईच्या जागी वॉशिंग्टन आहे.

कॅलिफोर्नियाचं चुकलं कुठं? कागदपत्रं नसलेल्यांना मेडी-कॅल द्यायला राज्यानं २०१६मध्ये लहान मुलांपासून सुरुवात केली, २०२०मध्ये पंचविशीपर्यंतच्या तरुणांना घेतलं, २०२२मध्ये पन्नाशीपुढच्यांना, आणि २०२४च्या जानेवारीत उरलेल्या सगळ्यांना. पायरी पायरीनं गेले, हे शहाणपणाचं. पण प्रत्येक पायरी चढताना तिजोरी भरलेली होती आणि ती तशीच राहणार असं धरलं. सुमारे १६ लाख माणसं आली, खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि २०२५मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ब्रेक लावला. हेच न्यूसम २००७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर होते. २०२६च्या जानेवारीपासून कागदपत्रं नसलेल्या १९ वर्षांवरच्या नव्या माणसांची नोंदणी बंद. आत आहेत ते राहतील. जुलै २०२७पासून महिन्याला ३० डॉलर हप्ता.

पैसे नसतील तर काटकसर करावी लागते, यात वाद नाही. पण तारखेवर केलेली काटकसर सर्वांत वाईट. डिसेंबरात अर्ज केलेल्या बहिणीला इन्सुलिन, फेब्रुवारीत केलेल्या बहिणीला नाही. यापेक्षा सगळ्यांना थोडं कमी द्यावं: साधा दवाखाना, बाळंतपण, डायलिसिस, इन्सुलिन, टीबी आणि मानसोपचार एवढं पक्कं धरावं आणि बाकीचं तिजोरी बघून. महिन्याच्या ३० डॉलरांबद्दल मात्र माझा निषेध नाही. भांडी घासणाऱ्याला ते जड आहेत, पण ‘मीही भरतो’ म्हणण्याची एक किंमत असते. अट एकच: एक हप्ता चुकला म्हणून नाव कापू नका, कारण एकदा बाहेर पडलेल्याला परत यायची मुदत जेमतेम तीन महिन्यांची आहे.

पैशांपेक्षाही मला धास्ती दुसऱ्या गोष्टीची वाटते. २०२५च्या जूनमध्ये बातमी आली, की केंद्राच्या आरोग्य खात्यानं कॅलिफोर्नियासह काही राज्यांच्या मेडिकेड रुग्णांची माहिती, नाव-पत्त्यांसकट, होमलँड सिक्युरिटीकडं, म्हणजे कागदपत्रं नसलेल्यांना पकडणाऱ्या खात्याकडं, दिली. राज्यं कोर्टात गेली. पण कोर्टाचा निकाल वाचून कोणी दवाखान्यात जात नाही; शेजारणीचा नवरा उचलला गेला हे ऐकून मात्र जायचं थांबतं. पुण्याच्या प्लेगची गोष्ट आपण शाळेत रँडच्या बाजूनं आणि चापेकरांच्या बाजूनं शिकतो. त्यातली मधली गोष्ट अशी, की सोजीर घरात शिरून रोगी शोधायला लागले तसे लोक रोगी लपवायला लागले. माळ्यावर, मागच्या खोलीत. औषध आणि शिपाई एकाच दारातून आत आले, की औषधही नकोसं होतं. त्याच साली, १८९७मध्ये, पुण्याबाहेर मोकळ्या माळावर आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांना नेऊन घालत होत्या, आणि त्यातच गेल्या. त्या दवाखान्यापर्यंत लोक पोचले, कारण तिथं बंदूक नव्हती.

म्हणून काउंटीनं पैसे देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच नको ती माहिती न घेणं. व्हिसा लिहून घेतलाच नाही, तर तो कोणाला देताही येणार नाही. पत्ता, जन्मतारीख, ॲलर्जी, आधीची दुखणी. बास.

मेझर ए पाच वर्षांनी संपेल. तोवर केंद्रानं हात आखडता घेतलेलाच असणार, आणि काउंटीला पुन्हा मत मागावं लागेल. या पाच वर्षांत फ्रिजवर, टायरवर, मुलांच्या बुटांवर हा टॅक्स भरणाऱ्यांत गिलरॉयची ती शेतातली बाई असेल, आणि एच-वन-बीवर आलेले, ग्रीन कार्डासाठी तिष्ठणारे हजारो मराठी लोकही असतील. मत त्या बाईलाही नाही आणि त्यांनाही नाही.